सामायिक म्हणजे सामायिक

कचऱ्याच्या खोलीच्या कुलपात किल्ली मोडली ती शिरीन मोरादीची. कालमार गावातल्या त्या पिवळ्या इमारतीत दुसऱ्या कोणाची किल्ली मोडली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. दुसऱ्या मजल्यावरच्या सिक्स्टेनने पक्कड आणून तुकडा उपसला असता, तिसऱ्या मजल्यावरच्या गुन-ब्रिटने "मी कधीची सांगतेय" असं म्हटलं असतं, आणि ते कुलूप कुरकुरत का होईना, आणखी काही वर्षं चाललं असतं. पण शिरीन तिथे राहत नव्हती. तळमजल्यावर तिचा दातांचा दवाखाना होता. दवाखान्याचा विमा होता, आणि विमा कंपनीला प्रश्न विचारायची सवय होती.

"या इमारतीच्या किल्ल्या एकूण कोणाकोणाकडे आहेत?" असं विमा कंपनीने शिरीनला विचारलं. शिरीनने सोसायटीला विचारलं. सोसायटीच्या सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. एक किल्ली सिक्स्टेनच्या घटस्फोट घेतलेल्या बायकोकडे होती, म्हणजे बहुधा तिच्या नव्या नवऱ्याकडेही असावी. एक गुन-ब्रिटच्या भाचीने स्पेनच्या समुद्रात पाडली होती. ("तेवढी एकच सुरक्षित आहे," गुन-ब्रिट म्हणाली.) दवाखान्याच्या जागी पूर्वी टोप्यांचं दुकान होतं. गाव सोडून जाताना त्या दुकानदाराने आपल्या किल्ल्या कोणाला दिल्या, हे त्याच्या टोप्यांनाच ठाऊक.

"मला ऑगस्टपर्यंत नीट कुलपं हवीत," शिरीन म्हणाली. ती कधी आवाज चढवत नसे. ज्याच्या हातात ड्रिल असतं त्याला आवाज चढवायची गरज पडत नाही. "नाहीतर गावाबाहेरच्या मॉलमध्ये जागा रिकामी आहे. ते लोक मला सारखे फोन करताहेत."

शिरीनला जाऊ देणं सोसायटीला परवडणारं नव्हतं. दवाखान्याच्या भाड्यावर छताची डागडुजी निघत असे, हे कारण सगळ्यांनी मोठ्याने बोलून दाखवलं. खरं कारण असं, की निम्म्या इमारतीचे दात शिरीनच्या हातात होते. गुन-ब्रिटच्या तोंडात तर तिचं स्वतःचं असं फारसं काही उरलंच नव्हतं. घरातल्या चपला पायात तशाच ठेवून जिना उतरायचा आणि दात दाखवून यायचं, ही चैन एकदा अंगवळणी पडली की बस पकडून मॉलला जाणं म्हणजे वनवासच.

कमिटीची सभा बसली. नवी कुलपं करायची हे एकमताने ठरलं. मग "किल्लीप्रमुख कोण?" असा प्रश्न आला आणि सगळेजण आपापल्या कॉफीच्या कपात डोकावू लागले. अशा वेळी हलू नये हा तिथला अलिखित नियम. आल्व्हार ब्रोडीनला तो माहीत होता, पण वेलदोड्याचे बन ताजे होते, आणि दुसरा बन घ्यायला तो उठला.

"वा! आल्व्हार उभा राहिलाय," सिक्स्टेन म्हणाला.

टाळ्या पडल्या.

खरं सांगायचं तर आल्व्हारला आतून बरंच वाटलं. त्याचं सगळं आयुष्य वजनमापं खात्यात गेलं होतं. कसायाचा तराजू, पेट्रोलपंपाचा काटा, औषधांच्या दुकानातली चिमुकली वजनं, या सगळ्यांनी त्याच्यापुढे मान तुकवली होती. निवृत्त झाल्यापासून मात्र त्याच्या नजरेखाली फक्त माय-लिसचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, केकचं पीठ यायचं, आणि तीही हल्ली त्याला ओट्यापासून दूर ठेवत असे.

"शिरीन कुठे जात नाही," रात्रीच्या जेवणाला तो माय-लिसला म्हणाला. "हे आता माझं काम."

"काम कुलपांचं आहे ना?" माय-लिस म्हणाली. "मग शिरीनची हमी कशाला देतोस?"

दुसऱ्या दिवसापासून सल्ले येऊ लागले. कुलूप ही अशी वस्तू आहे की ती रोज वापरणाऱ्या प्रत्येकाला आपण तिच्यातले जाणकार आहोत असं वाटतं. या बाबतीत कुलूप आणि पाठदुखी यांची जातकुळी एकच. सिक्स्टेन पूर्वी जहाजावर इंजिनियर होता. त्याने जिन्यात आल्व्हारला गाठून सांगितलं, की जगातलं कुठलंही कुलूप तेल आणि हातोडी यांनी दुरुस्त होतं, आणि जे होत नाही ते मुळात कुलूपच नव्हे. गुन-ब्रिटचं म्हणणं अगदी साधं होतं. "मला एकच किल्ली दे. बाहेरच्या दाराची एक, सायकलींच्या खोलीची एक, कचऱ्याची एक, तळघराची एक... माझी पर्स बघ. मी काय तुरुंगाची पहारेकरीण आहे का?"

एकच किल्ली. आल्व्हारच्या मनात तो शब्द जाऊन बसला. एक किलो जसा सगळ्यांचा एकच किलो, तशी सगळ्यांना पुरेल अशी एकच किल्ली.

कुलूपवाला कोन्नी आला. तो दुकानं, शाळा, कचेऱ्या, वृद्धाश्रम असल्या मोठ्या जागांचीच कामं घ्यायचा. त्याच्या पेटीत मधोमध कापलेलं एक कुलूप होतं. आतल्या पितळी खुंट्या किल्लीबरोबर कशा वरखाली होतात ते त्याने आल्व्हारला दाखवलं. आल्व्हारने ते पुन्हा दाखवायला लावलं. मग आणखी एकदा. इतकं सुंदर काही त्याने निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

"हे बघा आल्व्हार, एका किल्लीने दहा दारं उघडतील, काही अडचण नाही," कोन्नी म्हणाला. "पण कुलपाला डोकं नसतं, आणि ते बनवणाऱ्या कारखान्यालाही नसतं. मी तुम्हाला एक कोरा तक्ता देतो. आडव्या ओळीत किल्ल्या, उभ्या ओळीत दारं. जिथे फुली माराल तिथे ती किल्ली फिरणार. जिथे मारणार नाही, तिथे देवाच्या बापालाही फिरवता येणार नाही. तेव्हा फुल्या जपून मारा."

"मी आयुष्यभर जपूनच फुल्या मारल्यात," आल्व्हार जरा दुखावून म्हणाला.

त्याआधी सह्या हव्या होत्या. सोसायटीचा कारभार व्हेक्शो गावातली एक व्यवस्थापन कंपनी पाहत असे, म्हणजे फोन केला की "आपण रांगेत आहात" असं सांगून बासरी ऐकवत असे. तिला अध्यक्षांची आणि खजिनदारांची, दोघांची सही लागे. अध्यक्षीणबाई ओलांद बेटावरच्या आपल्या उन्हाळी घरी होत्या. तिथे फोन लागायचा तो फक्त कोंबड्यांच्या खुराड्यावर चढल्यावर. आल्व्हार बसने पूल ओलांडून गेला. बाईंनी सही केली, पण आधी त्याला शिडी धरून उभं केलं आणि घराची अख्खी दक्षिण बाजू रंगवून काढली. तो परत आला तेव्हा त्याची डावी बाही विटेसारखी लाल झाली होती. खजिनदार उत्तरेच्या डोंगरात पायी भटकत होते. त्यांनी सही करून पोस्टकार्ड पाठवलं. कंपनीने ते नाकारलं. मागच्या बाजूला रेनडियरचं चित्र होतं, आणि कागदपत्रावर जनावर चालत नाही, असं कळवण्यात आलं. आल्व्हारने रेनडियर कात्रीने कापून टाकला आणि पुन्हा पाठवला, म्हणजे उरलेलं कार्ड पाठवलं. ते चाललं.

या प्रकारातून आल्व्हारने एकच धडा घेतला, आणि तोही उलटा. सगळ्या इमारतीची सगळी दारं उघडणारी जी मुख्य किल्ली असेल, ती इतक्याच कडेकोट बंदोबस्तात राहावी, असा प्रस्ताव त्याने स्वतःच मांडला. किल्ली व्हेक्शोला कंपनीच्या तिजोरीत राहील, आणि दोन सह्यांशिवाय कोणाला मिळणार नाही. प्रस्ताव मंजूर झाला. हे लक्षात ठेवावं.

मग आल्व्हार स्वयंपाकघराच्या टेबलावर तक्ता पसरून बसला. माय-लिस जेवणाची ताटं टेबलाच्या एका कोपऱ्यावर मांडू लागली. दवाखान्याच्या बाहेरच्या दाराला शिरीनची आणि तिच्या नर्सची किल्ली, औषधांच्या खोलीला एकट्या शिरीनची. प्रत्येक घराला त्या घरच्यांची. इथपर्यंत एखादं शाळकरी पोरही आलं असतं. खरा विचार करायचा होता तो सामायिक जागांचा. आल्व्हारला तिथे एक तत्त्व सापडलं, आणि तत्त्व सापडलेला माणूस काय काय करील सांगता येत नाही. जे सामायिक, ते सगळ्यांचं. बाहेरचं दार, सायकली, कचरा, गच्ची, सगळ्या किल्ल्यांना फुली, फुली, फुली.

आणि तळघरातली धुण्याची खोली.

त्या इमारतीत घराघरात वॉशिंग मशीन ठेवणं हे मिजाशीचं लक्षण मानत. सगळ्यांचे कपडे तळघरात धुतले जायचे. तिथे दाराशेजारी एक फळा होता. फळ्यावर महिन्याच्या तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन भोकं. प्रत्येक घराचं, आणि दवाखान्याचंही, एकेक अंगठ्याएवढं कुलूप होतं. हव्या त्या भोकात आपलं कुलूप बसवायचं आणि आपल्या किल्लीने फिरवायचं, की ती वेळ आपली. मग खुद्द राजा मळक्या चादरी घेऊन आला तरी ते कुलूप हलत नसे. लोक लग्नाची तारीख धरताना करणार नाहीत इतका विचार करून इथे वेळ धरत. मंगळवारची सकाळ शिरीनची. तिचे आणि तिच्या माणसांचे ऍप्रन कडकडीत गरम पाण्यात धुवावेच लागत, त्याशिवाय दवाखाना चालत नाही.

"आणि धुण्याची ती छोटी कुलपं?" माय-लिसने बटाटे वाढता वाढता विचारलं.

"धुण्याची खोली सामायिक आहे. तिच्यातलं सगळं सामायिक."

"सगळं?"

"माय-लिस, सामायिक म्हणजे सामायिक."

माय-लिसने एक भुवई वर केली. ती शाळेत शिवण शिकवायची. चुकीच्या बाजूने टाके घालणाऱ्या मुलीला आधी नुसती भुवई दाखवायची, अशी तिची पद्धत होती. पण आल्व्हार खाली बघून फुल्या मारत होता.

जूनमधल्या मिडसमरच्या सणाच्या आदल्या दिवशी कोन्नीने नवी कुलपं बसवली. आल्व्हार कोट घालून बाहेरच्या दाराशी उभा राहिला. एका हातात नव्या किल्ल्या, दुसऱ्या हातात बादली. "जुन्या सगळ्या बादलीत," असं तो प्रत्येकाला सांगत होता, आणि 'सगळ्या' या शब्दावर इतका जोर देत होता, की सिक्स्टेनने घाईघाईत अख्खा जुडगाच बादलीत टाकला. जुडग्यात त्याच्या मोटारबोटीची किल्ली होती. ते त्याला संध्याकाळी आठवलं. तोवर बादली भंगारात जाऊन रिकामी होऊन आली होती.

"बोटीची किल्ली ही काय इमारतीची किल्ली आहे?" सिक्स्टेन ओरडला.

"तू टाकलीस," आल्व्हार म्हणाला.

"तू मागितलीस!"

त्या दिवसापासून सिक्स्टेन जमिनीवर अडकला. इतका सुरेख उन्हाळा बऱ्याच वर्षांत पडला नव्हता. बोट धक्क्याला बांधलेली, समुद्र आरशासारखा, आणि सिक्स्टेन तळघरात आपले मोजे धूत बसलेला. अशा मनःस्थितीतल्या माणसाच्या हातात किल्ली असू नये. त्याने फळ्याशी उभं राहून, निव्वळ रागाने, आपली किल्ली गुन-ब्रिटच्या कुलपात खुपसली.

ती फिरली.

सिक्स्टेनने आजूबाजूला पाहिलं. मग गुन-ब्रिटचं कुलूप गुरुवार सकाळच्या भोकातून काढून रविवार संध्याकाळच्या भोकात बसवलं, गुरुवारी आपलं लावलं, आणि कित्येक दिवसांत प्रथमच शीळ घालत जिना चढला.

आठवड्याभरात सगळ्या इमारतीला हा शोध लागला. प्रत्येकाला तो एकट्यालाच लागलाय असं वाटत होतं, त्यामुळे कोणी कोणाला बोललं नाही. कुलपं फळ्यावर सोंगट्यांसारखी फिरू लागली. मग भिंतीवर चिठ्ठ्या आल्या. पहिली होती, "गुरुवारची सकाळ ज्यांनी चुकून घेतली त्यांनी ती परत करावी ही नम्र विनंती." तिच्याखाली, "चुकून?" त्याखाली, "ज्यांना चादरींना चौकोनी घडी घालता येत नाही त्यांनी सकाळ घेऊ नये." सगळ्या चिठ्ठ्यांखाली 'स्नेहपूर्वक' असं लिहिलेलं होतं. चिठ्ठीत 'स्नेहपूर्वक' दिसलं की त्या इमारतीत समजून जायचं, की आता पाणी डोक्यावरून गेलं.

आल्व्हारने चिठ्ठ्या वाचल्या. वरच्या चिठ्ठीपासून खालच्या चिठ्ठीपर्यंत येईतो त्याच्या लक्षात काय ते आलं. त्याने खिशातून आपली किल्ली काढून पहिल्या कुलपात घातली. फिरली. दुसऱ्यात घातली. फिरली. फळा संपेपर्यंत तो फिरवत राहिला, कारण पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये ही त्याची शिस्त होती. मग तो धुण्याच्या टोपलीवर बसला. त्याने ज्यांच्या तराजूंना टाळं ठोकलं होतं ते सगळे कसाई एका रांगेत उभे राहून आपल्याकडे बघताहेत, असं त्याला वाटलं.

त्याने कोन्नीला फोन लावला. मागे कुठेतरी अकॉर्डियन वाजत होतं.

"फुल्या तुम्हीच मारल्या होत्या," कोन्नी सहानुभूतीने म्हणाला. "काही हरकत नाही, छोटी कुलपं नवी करून मिळतील."

"कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"उद्या नाही?"

"अहो आल्व्हार, जुलै लागला! कारखाना बंद. मी तळ्याकाठी. या देशात जुलैत स्ट्रॉबेरीचा मुरंबा सोडून काही तयार होतं का?"

आल्व्हारने फोन ठेवला. त्याने स्वतः एवढ्या वर्षांत जुलैत एकही तराजू तपासला नव्हता.

मंगळवारी दुपारी शिरीनने दार वाजवलं. जुलैत गावातले बाकीचे दातांचे डॉक्टर सुट्टीवर जात आणि दात मात्र जात नाहीत, म्हणून तिचा दवाखाना तेव्हा भरून वाहायचा. तिच्या अंगात ऍप्रन नव्हता. फुलाफुलांचा एक सदरा होता, आणि त्याच्या छातीवर टूथपेस्टचा डाग होता.

"माझी मंगळवारची सकाळ शुक्रवारच्या संध्याकाळी जाऊन बसली आहे," ती म्हणाली. "आज नर्स घरचे कपडे घालून उभी आहे, आणि मी अर्धे पेशंट परत पाठवले. आल्व्हार, तुमची कुलपं उत्तम आहेत. विमा कंपनीने तर कौतुक केलं. पण बंद दारं घेऊन मी काय करू? मला मंगळवारची सकाळ हवी."

"मिळेल," आल्व्हार म्हणाला.

"मॉलवाले या महिन्याअखेरीस येतील. त्यांच्याकडे कपडे धुऊन मिळतात." ती जायला वळली, मग थांबली. "मला तिथे जायचं नाहीये. पण पेशंटला मी असं सांगू शकत नाही, की ऍप्रन मळका आहे कारण इमारतीत लोकशाही आहे."

माय-लिस उन्हाळी घरी जायला निघाली होती. सामानात आल्व्हारची पोहण्याची चड्डी वरच होती. त्याने ती उचलून परत कपाटात ठेवली.

"मी थांबतो," तो म्हणाला. "कुलपं चालत नाहीत, तर कोणीतरी कुलूप व्हायला हवं."

माय-लिसने या वेळी भुवई वर केली नाही. तिने त्याला थर्मास भरून दिला आणि घडीची खुर्ची शोधून दिली.

तर जुलैचं ते सोनेरी ऊन पडलेलं असताना, सगळं कालमार समुद्रात डुंबत असताना, वजनमापं खात्याचा माजी निरीक्षक तळघरात दुसऱ्यांच्या चड्ड्यांवर पहारा देत बसला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, कारण पदाचा मान पदावरच्या माणसानेच राखायचा असतो. येणाराजाणारा काहीतरी बोलून जाई. "काय आल्व्हार, गाळात उतरलास?" "माझा एक मोजा हरवलाय, चौकशी बसवशील का?" गुन-ब्रिट रोज डबा आणायची. डब्यात घरी भाजलेले रस्क असत, आणि रस्कांमागे गुरुवार सकाळ असे.

"घे की अजून एक. आणि मी काय म्हणते, ते कुलूप जरा..."

"रस्क घेतो, गुन-ब्रिट. कुलूप हलणार नाही."

सिक्स्टेन पहिल्या दिवशी दारात येऊन उभा राहिला आणि बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने आपली खुर्ची आणली. "पहारेकऱ्यावर कोणीतरी पहारा ठेवायला हवा," तो म्हणाला आणि बरोबर समोर बसला. दोघं एकमेकांशी बोलत नसत. यंत्र फिरत असे. मधूनच सिक्स्टेन "समुद्र काय शांत असेल आज," असं यंत्राला सांगे, आणि आल्व्हार शब्दकोडं अधिक जवळ धरी. मंगळवार आला की शिरीनचे ऍप्रन यंत्रात गेलेले पाहीपर्यंत आल्व्हार कॉफीसुद्धा पीत नसे.

महिन्यातला शेवटचा मंगळवार उजाडला. मॉलवाले त्याच दुपारी यायचे होते. आल्व्हार लवकर खाली आला, रिकाम्या पोटी, आणि गुन-ब्रिटचा रस्क त्याने जरा अधीरपणे चावला. तो रस्क डब्यात किती दिवस होता हे गुन-ब्रिटने नंतरही सांगितलं नाही. कडकन आवाज झाला. सिक्स्टेनला वाटलं यंत्र मोडलं. मोडली होती ती आल्व्हारची दाढ.

त्याने गालावर हात ठेवला आणि डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी मात्र यायला लागलं.

"वर जा," सिक्स्टेन म्हणाला. खुर्ची आणल्यापासून तो आल्व्हारशी प्रथमच बोलत होता.

आल्व्हारने नकारार्थी मान हलवली आणि फळ्याकडे बोट केलं. ऍप्रन अजून आले नव्हते. शेजारी गुन-ब्रिट टोपली घेऊन उभी होती आणि रिकाम्या यंत्राकडे बघत होती.

"मी बसतो तुझ्या खुर्चीत."

आल्व्हारने सिक्स्टेनकडे पाहिलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या म्हणतात त्या याच. पण दाढेतून एक कळ थेट कानात गेली, आणि तत्त्वं कितीही मोठी असली तरी दाढेपुढे ती बसतात. तो उठला.

शिरीनने त्याला खुर्चीत आडवं केलं. ऍप्रन कालचाच होता. सुई दिली, कापूस कोंबला, आणि मग, या व्यवसायातल्या सगळ्या माणसांसारखी, तोंड पूर्ण उघडं असताना प्रश्न विचारू लागली.

"इतकं दुखतंय, तर लगेच वर का नाही आलात?"

"आं-आं," आल्व्हार म्हणाला.

"माझ्या धुण्यासाठी?"

"आं."

"सगळा जुलै? माय-लिस तिकडे एकटी?"

आल्व्हारने छताकडे पाहिलं. बोलता येत असतं तर त्याने जबाबदारी, पद, चुकीची दुरुस्ती यांवर बरंच काही सांगितलं असतं. त्याला बोलता येत नव्हतं हे फार बरं झालं. शिरीनने ड्रिल खाली ठेवलं आणि कापूस बदलला. मग म्हणाली, "मोठं उघडा."

नर्स मधेच ऍप्रनचा गठ्ठा घेऊन खाली गेली होती. काम आटोपल्यावर आल्व्हार, सुन्न ओठ सावरत, जिना उतरला. काय पाहायला मिळणार याच्या काळजीने शिरीनही मागोमाग आली. धुण्याच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. बाहेर गुन-ब्रिट, तिची टोपली, आणि आणखी दोन शेजारी. आल्व्हारने दार ठोठावलं. दार बोटभर उघडलं आणि फटीत सिक्स्टेनचा डोळा दिसला.

"तुझी वेळ आहे का?"

"फिक्फ्टेन, मी आहे," आल्व्हार सुन्न जिभेने म्हणाला.

"ते दिसतंय. वेळ आहे का, ते विचारतोय. ही मंगळवारची सकाळ आहे. दवाखान्याची. नर्सला सोडलं. बाकी कोणी आत येणार नाही."

"अरे, मी किव्वीप्रमुख..."

"प्रमुख असशील. जहाजावर कॅप्टनलासुद्धा पाळी नसताना इंजिनघरात घेत नाहीत." आणि दार लागलं.

आतून पाण्याचा धीरगंभीर आवाज येत होता. ऍप्रन फिरत होते. शिरीन पायरीवर बसली आणि हसायला लागली. आल्व्हारने तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पेशंटांसमोर हसायची तिला सोय नव्हती.

मॉलवाले दुपारी आले आणि अर्ध्या तासात गेले. आल्व्हार खिडकीत उभा होता. संध्याकाळी शिरीन वर आली, ती धुतलेल्या, कडक ऍप्रनमध्ये.

"मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे धुण्यावर पहारा कोण देतं? म्हणाले, कॅमेरा आहे."

"मग?"

"मी म्हटलं, कॅमेऱ्याला सोडून जाताना मला काही वाटणार नाही. इथल्या माणसांचं तसं नाही." ती दारातच उभी राहून म्हणाली. "राहतेय मी. दाढ दोन दिवस जपा."

ऑगस्टमध्ये कारखाना जागा झाला. आल्व्हारने छोट्या कुलपांचा नवा तक्ता केला. या वेळी तो किती सावध होता म्हणून सांगावं! कुठली किल्ली कुठल्या कुलपात फिरता कामा नये, याच एका विचाराने तो प्रत्येक ओळीतून गेला आणि खोडत गेला. माय-लिस अजून उन्हाळी घरीच होती, त्यामुळे बटाटे वाढता वाढता प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं.

कोन्नी उन्हाने भाजून, खुशीत आला. छोटी कुलपं फळ्याखाली मांडली. सगळी इमारत तळघरात जमली होती. आल्व्हारने गुन-ब्रिटची किल्ली सिक्स्टेनच्या कुलपात घातली. फिरली नाही. सिक्स्टेनची गुन-ब्रिटच्या. नाही. प्रत्येक अपयशाला टाळ्या पडत होत्या. आल्व्हारचा कणा हळूहळू, वजनमापं खात्यात असायचा तसा, ताठ होत गेला. मग एकेकाने आपलं कुलूप आपल्या भोकात लावलं. पहिला मान शिरीनचा होता. मंगळवार, सकाळ. खट्कन बसलं.

शेवटी आल्व्हार पुढे झाला. शनिवार दुपारच्या भोकात त्याने आपलं कुलूप ठेवलं, आपली किल्ली घातली आणि फिरवली.

फिरली नाही.

त्याने किल्ली पुसली. पुन्हा घातली. कोन्नीने वाकून पाहिलं, मग खिशातून तक्ता काढून पाहिला, आणि टोपी मागे सारली.

"तुमच्या कुलपापुढे तुमचीच फुली नाहीये, आल्व्हार."

नळातून एक थेंब पडला.

"मग हे उघडतं कशाने?" गुन-ब्रिटने विचारलं.

"मुख्य किल्लीने. ती कुठे असते?"

ती व्हेक्शोला तिजोरीत होती. दोन सह्यांच्या बंदोबस्तात. अध्यक्षीणबाई घराच्या उत्तर बाजूला रंग देत होत्या. खजिनदारांना डोंगर आवडल्यामुळे ते तिकडेच राहिले होते. आणि नवं कुलूप मागवायचं, तर कोन्नी सप्टेंबर लागताच हरणांच्या शिकारीला जाणार होता, आणि तो परतेपर्यंत त्याला फोनवर पकडणं हरणाला पकडण्याहून कठीण होतं.

"चला," सिक्स्टेन म्हणाला. आवाज गंभीर होता, पण त्याच्या मिशा हलत होत्या. त्याच्या बोटीला आता नवी किल्ली मिळाली होती. ती कोन्नीनेच करून दिली होती, आल्व्हारच्या सांगण्यावरून. "म्हणजे इमारतीतली सगळ्यात सुरक्षित धुणी आल्व्हारची. ती धुतलीच जाणार नाहीत."

आल्व्हार हातातल्या किल्लीकडे बघत उभा राहिला. शिरीनने त्याच्या दंडाला हात लावला.

"मंगळवारी सकाळी आठला," ती म्हणाली. "फक्त पांढरं आणा. रंगीत कपडे माझ्या पाण्यात टिकणार नाहीत."

त्या वर्षी पानगळ संपत आली तरी आल्व्हारचे शर्ट ऍप्रनच्या पाण्यातूनच निघत होते. ते फार स्वच्छ, फार कडक असत आणि त्यांना लवंगेचा किंचित वास येई. माय-लिस उन्हाळी घरून परत आली तेव्हा तिने दोरीवरचा एक शर्ट नाकाजवळ धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि भुवई वर केली.

"शिरीनकडे धुतलाय," आल्व्हार म्हणाला.

"अस्सं," माय-लिस म्हणाली आणि शर्टाची घडी घालू लागली. "सामायिक म्हणजे सामायिक."